किती आणि कितवा

जिल्ह्याच्या शालेय जलतरण स्पर्धांना मी गेली बारा वर्षं टाइमकीपर म्हणून बसते. एका लेनला तिघं, तिघांच्या हातात स्टॉपवॉच. स्टार्ट मिळाला की बटण दाबायचं, पोरानं भिंतीला हात लावला की पुन्हा दाबायचं. दोन घड्याळं जुळली तर ती वेळ धरायची, तिन्ही वेगळी आली तर मधली. चिठ्ठीवर लिहायची, टेबलाकडे पाठवायची, घड्याळ शून्यावर आणायचं, पुढची हीट. संध्याकाळपर्यंत पायांची बोटं सुरकुततात आणि केसांना क्लोरीनचा वास बसतो तो दोन दिवस जात नाही.

शर्यत संपल्यावर पोरं काय करतात ते मला पाठ झालंय. भिंतीला हात लागतो, गॉगल कपाळावर सरकतो, काठाला लोंबकळत मान वर होते आणि धापेतच प्रश्न येतो, “मॅडम, किती?” मी वाकून घड्याळ दाखवते. आकडा बघून कुणी हसतं, कुणी पाण्यावर हात आपटतं. मग ती बाहेर येतात, टॉवेल गुंडाळून प्रेक्षकांच्या जाळीकडे जातात. जाळीपलीकडून आई नाहीतर बाबा विचारतात, “कितवा आलास?”

या दोन प्रश्नांच्या मध्ये जेमतेम वीस पावलं ओली फरशी असते. घड्याळापाशी खुललेलं पोर जाळीपाशी पोचेपर्यंत मान खाली घालतं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता मला ती वीस पावलं बघवत नाहीत. मी चिठ्ठीत डोकं घालते.

चीनमधल्या हांगझोऊ शहरात ११ डिसेंबर २०१८ ला एक शर्यत झाली. शॉर्ट कोर्स जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचा पहिलाच दिवस, पुरुषांची २०० मीटर बटरफ्लाय, म्हणजे दोन्ही हात एकदम पाण्यावरून पुढे टाकत पोहायचा प्रकार, अंतिम फेरी. जपानचा दाइया सेतो पहिला आला, १ मिनिट ४८.२४ सेकंदांत, नवा जागतिक विक्रम करून. दक्षिण आफ्रिकेचा चॅड ले क्लोस दुसरा, १ मिनिट ४८.३२. यजमानांचा ली झूहाओ तिसरा, तो दोन सेकंदांहून मागे. बातमी एवढीच होती आणि बातमी म्हणून ती पुरी होती.

मला धरून ठेवलं ते जुन्या विक्रमाच्या आकड्यानं. तो होता १ मिनिट ४८.५६. नोव्हेंबर २०१३ मध्ये सिंगापूरच्या वर्ल्ड कपमध्ये झालेला, आणि केला होता खुद्द ले क्लोसनंच. म्हणजे त्या संध्याकाळी ले क्लोसनं स्वतःचा, पाच वर्षं कुणाला हात लावता न आलेला विक्रम पाव सेकंदानं मोडला. पंचवीस मीटरच्या तलावात ते अंतर इतक्या लवकर तोवर कुणीच पोहलं नव्हतं. फक्त एक जण पोहला होता, आणि तोही त्याच तलावात, ०.०८ सेकंद आधी.

विक्रमांची यादी काढून बघा. ले क्लोस ४८.५६, त्याखाली सेतो ४८.२४. मधली ४८.३२ ही वेळ त्या यादीत नाही. तिला जागाच नाही, कारण ती जन्मली तेव्हा तिच्याहून सरस वेळ आधीच जन्मलेली होती. मी ती यादी पहिल्यांदा बघितली तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. एखाद्या घरात मूल होऊन जावं आणि कुटुंबाच्या कागदांत त्याची नोंदच नसावी, तसं.

शॉर्ट कोर्स म्हणजे पंचवीस मीटरचा तलाव. ऑलिम्पिक पन्नास मीटरच्या तलावात होतं, म्हणून शॉर्ट कोर्सला लोक जरा कमी लेखतात. मला ते पटत नाही. आमच्याकडची बरीच पोरं पंचवीस मीटरच्या टँकमध्येच वाढतात, त्यामुळे मला ही शर्यत आपल्या अंगणातली वाटते. शिवाय इथे भिंतीला किंमत असते. दोनशे मीटरला मोठ्या तलावात तीन टर्न, इथे सात. भिंतीवर दोन्ही पाय रोवून जो रेटा मिळतो, तो वेग नुसत्या हातांनी पाणी ओढून कधी मिळत नाही. मग हात डोक्यापुढे एकावर एक, पाय जोडलेले, आणि कमरेपासून निघालेली लाट पायाच्या बोटांपर्यंत: डॉल्फिन किक. प्रत्येक भिंतीपासून पंधरा मीटरच्या आत डोकं पाण्यावर यायला हवं, असा नियम आहे. हिशेब केला तर आठ फेऱ्यांत १२० मीटर पाण्याखालून जायची मुभा. दोनशेच्या शर्यतीत छाती तेवढं देत नाही, श्वास लवकर वर ओढतो. पण जे काही मीटर मिळतात त्यांचा फरक केवढा, ते आकड्यांतून कळतं. हांगझोऊच्या वेळी मोठ्या तलावातला जागतिक विक्रम होता अमेरिकेच्या मायकेल फेल्प्सचा, १ मिनिट ५१.५१. चार जास्तीच्या भिंतींनी तीन सेकंद दिले.

आणि याच भिंती घातही करतात. बटरफ्लायला दोन्ही हात एकाच वेळी टेकायला लागतात, टर्नलाही आणि शेवटालाही. भिंत जवळ आली की पोहणाऱ्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून मोजावं लागतं: हात पुढे टाकला तर बरोबर बसेल का, की वीतभर अंतर राहील? राहिलं तर दोनच वाटा. हात लांब करून नुसतं घसरत जायचं, नाहीतर अर्धा हात आणखी मारायचा. दोन्हींत वेळ जातो. फ्रीस्टाइलवाला एक हात पुढे फेकून निभावून नेतो, बटरफ्लायवाल्याला ती सोय नाही. आठ फेऱ्यांत आठ वेळा हा हिशेब.

०.०८ सेकंद म्हणजे पाण्यात किती, ते मी कागदावर मांडून बघितलं. त्या वेगानं सेकंदाला साधारण १ मीटर ८५ सेंटिमीटर होतात. म्हणजे ०.०८ सेकंदाला पंधरा सेंटिमीटरला थोडे कमी. भाच्याच्या कंपासमधली प्लास्टिकची पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली. पट्टी पंधरा सेंटिमीटरचीच असते. दोनशे मीटर पोहून दोघांत उरलेलं अंतर तेवढं. माझ्या हातातल्या घड्याळानं तर हे दोघं एकत्रच आले असते, कारण आम्हा तिघांच्या घड्याळांतच आपापसांत याहून जास्त फरक पडतो. बोटाला बटण दाबायला लागणारा वेळ याहून मोठा असतो. तिथे भिंतीवर टचपॅड असतं, हात लागला की घड्याळ आपोआप थांबवणारं, ते चुकत नाही.

पण टचपॅडच्याही पलीकडे मोजता येतं, आणि तसं मोजायचं नाही असं पोहण्याच्या जगानं एकदा ठरवलं, ही गोष्ट मला फार आवडते. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटर मेडलेत, म्हणजे चारही प्रकार पोहायच्या शर्यतीत, स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी शंभराव्या भागापर्यंत सारखे आले. मग हजाराव्या भागापर्यंत मोजलं आणि ०.००२ सेकंदांनी लार्सनला सुवर्ण दिलं. नंतर नियम झाला की शंभराव्या भागापुढे जायचं नाही. प्रत्येक लेनची भिंत तेवढ्या बारकाईनं सारखी बांधताच येत नाही, मग माणसांत तेवढा फरक कसा करायचा? म्हणून २०१६ ला रिओत १०० मीटर बटरफ्लायला सिंगापूरचा जोसेफ स्कूलिंग पहिला आला आणि त्याच्यामागे फेल्प्स, हंगेरीचा लाझलो चेह आणि हाच चॅड ले क्लोस, तिघेही ५१.१४. तिघांना रौप्य. कांस्य कुणालाच नाही. कितवा या प्रश्नाला त्या दिवशी तिघांनी एकच उत्तर दिलं.

ले क्लोसचं आणि या शंभराव्या भागांचं नातं जुनं आहे. २०१२ चं लंडन ऑलिम्पिक बऱ्याच जणांना आठवत असेल. वीस वर्षांचा डर्बनचा मुलगा, २०० मीटर बटरफ्लाय, समोर फेल्प्स. शेवटच्या भिंतीला फेल्प्स घसरत आला आणि ले क्लोसनं त्याच्याआधी हात टेकवला, ०.०५ सेकंद आधी. त्याचे वडील बर्ट टीव्हीवर आनंदानं वेडे झाले होते, ‘अनबिलीव्हेबल’ हा एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला त्या मुलाखतीत मुलापेक्षा बापच जास्त लक्षात राहिला. चार वर्षांनी रिओत त्याच शर्यतीत मुलगा चौथा आला. आणि मग हांगझोऊ.

सेतोला मी या गोष्टीत परका करणार नाही. २०१४ ला दोह्यात आणि २०१६ ला कॅनडातल्या विंडसरला याच जागतिक स्पर्धेत याच शर्यतीत ले क्लोस पहिला होता आणि सेतो दुसरा. दोन वेळा त्या माणसाच्या पाठीमागे भिंतीला टेकल्यावर तिसऱ्यांदा तो पुढे टेकला. चार वर्षं त्याला रोज सकाळी थंड पाण्यात उतरताना कोण दिसत असेल, ते सांगायला नको.

मी बटरफ्लाय शिकले ती आमच्या सरांकडे. पोहायला त्याआधीच येत होतं, गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून काकांनी शिकवलेलं. सर म्हणाले, विहिरीचं पोहणं विसर आणि पाण्यावर छाती टेकायला शीक. बटरफ्लाय बघणाऱ्याला खांद्यांचं वाटतं, खरं ते छातीचं आणि कमरेचं असतं. छाती दाबली की कंबर आपोआप वर येते, कंबर आली की पाय खाली झटकतो, आणि त्या झटक्यावर दोन्ही हात पाण्याबाहेर निघतात. जमतं तेव्हा पाणी आपल्याला उचलून पुढे ठेवतं. शंभर मीटरच्या शेवटच्या पंचवीसमध्ये मात्र हात पाण्यातून सुटायचं नाव घेत नाहीत. खांद्यांत शिसं भरतं, हनुवटी वर काढावी तर पाय बुडतात, पाय सांभाळावे तर श्वास मिळत नाही. माझं शंभर मीटर होतं. दोनशे मला कधीच झेपलं नाही, म्हणून दोनशे पोहणाऱ्यांबद्दल मला जो आदर आहे तो मनापासूनचा आहे.

१९८८ च्या राज्य शालेय स्पर्धेत मी दुसरी आले. वेळ १ मिनिट १९.४. त्याआधी मला १ मिनिट २२ च्या खाली कधी जाता आलं नव्हतं. सरांनी घड्याळ माझ्या डोळ्यांसमोर धरलं आणि काहीच बोलले नाहीत, नुसतं माझ्या ओल्या डोक्यावर थापटलं. परतताना एसटीत मी ती वेळ खिडकीच्या धुळकट काचेवर बोटानं लिहीत होते. स्टँडवर वडील न्यायला आले होते. पिशवी हातात घेत म्हणाले, “कितवी?”

“दुसरी.”

“पहिली कोण आली?”

मी त्या मुलीचं नाव सांगितलं. घरापर्यंत आम्ही दुसरं काही बोललो नाही.

वडिलांचं चुकलं असं मला तेव्हा वाटत होतं, आज वाटत नाही. प्रमाणपत्रावर क्रमांक छापतात. ग्रेस मार्क असोत, सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण असो, कागदावर विचारतात ते कितवा हेच. एका पगारावर पाच माणसं चालवणाऱ्या बापाला मुलीनं तीन सेकंद कमी केले याचा उपयोग काय, हे कुणी सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. पण सांगायचं कुणी? मीच नाही सांगितलं. एकोणीस पॉइंट चार हा आकडा माझ्या ओठांवर होता आणि मी तो गिळला. ती रुखरुख माझ्याबद्दलची आहे, त्यांच्याबद्दलची नाही.

आपण सगळेच कितव्यावर जगतो. आमच्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं २०१० ला ग्वांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य आणलं, तेव्हा केवढा आनंद झाला होता इथे! १९८६ ला सोलमध्ये खजान सिंगनं २०० मीटर बटरफ्लायचं रौप्य मिळवलं, त्यानंतर चोवीस वर्षांनी पोहण्यातलं आशियाई पदक देशाला मिळालं होतं. वीरधवल तिसरा आला, हे इथल्या लहान पोरालाही माहीत आहे. वेळ किती होती, ते विचारून बघा. २४.३१ हा आकडा सांगणारा माणूस मला टँकबाहेर अजून भेटलेला नाही.

उलट उदाहरणही आहे, आणि तेही बटरफ्लायचंच. जून २०२१ मध्ये रोमला केरळचा साजन प्रकाश २०० मीटर बटरफ्लाय १ मिनिट ५६.३८ मध्ये पोहला. टोकियो ऑलिम्पिकच्या थेट प्रवेशासाठी १:५६.४८ हवे होते. एका दशांशानं तो आत गेला, आणि थेट पात्रता मिळवणारा पहिला भारतीय जलतरणपटू ठरला. त्या दिवशी तो रोममध्ये कितवा आला याचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. सगळा देश एकदाचा घड्याळाकडे बघत होता. मी त्या रात्री एकटीच स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

तरीही मी कितव्याला खोटं म्हणणार नाही. बारा वर्षं काठावर बसून एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. रिकाम्या टँकमध्ये, नुसत्या घड्याळाशी पोहणारं पोर सहसा स्वतःचं सर्वोत्तम देत नाही. ते येतं शर्यतीच्या दिवशी, पलीकडच्या लेनमध्ये कुणाचे तरी पाय पाणी उडवत असतात तेव्हा. हांगझोऊत तिसरा माणूस दोन सेकंद मागे होता. म्हणजे पुढचे हे दोघं एकमेकांना ओढत होते, दुसरं कुणी नव्हतंच. सेतो त्या तलावात नसता तर ले क्लोसला ४८.३२ जमलं असतं का? मला नाही वाटत. ज्यानं त्याला दुसरा केलं त्यानंच त्याला इतका वेगवानही केलं. सेतोच्या ४८.२४ मध्ये ले क्लोसचा वाटा तेवढाच आहे. यादीत एकच नाव असलं तरी तो विक्रम मला दोघांच्या नावावर दिसतो.

पुढचं सांगायला हवं. त्याच स्पर्धेत काही दिवसांत ले क्लोसनं १०० मीटर बटरफ्लाय जिंकली, अमेरिकेच्या केलेब ड्रेसेलला मागे टाकून. २०० मीटरला त्याला थांबावं लागलं. २०२१ ला अबू धाबीत तो तिसरा आला. ऑक्टोबर २०२२ मध्ये टोकियोत जपानच्याच तोमोरू होंदानं विक्रम थेट १ मिनिट ४६.८५ वर नेऊन ठेवला, सेतोची वेळसुद्धा खूप मागे पडली. आणि त्यानंतर दोन महिन्यांनी मेलबर्नच्या जागतिक स्पर्धेत, तीस वर्षांचा झालेला ले क्लोस २०० मीटर बटरफ्लायला पुन्हा पहिला आला. सेतो दुसरा. ले क्लोसची वेळ होती १ मिनिट ४८.२७.

हांगझोऊत दुसरा आला तेव्हाच्यापेक्षा ०.०५ सेकंद कमी. लंडनला फेल्प्सला हरवताना होते तेवढेच. विक्रमाशी त्या वेळेचा आता काही संबंध उरला नव्हता, ती फक्त त्याची स्वतःची होती. चार वर्षं, हजारो किलोमीटर पाणी, आणि हाताला आलं एवढं. मी तो आकडा वाचला आणि मला सरांनी डोळ्यांसमोर धरलेलं घड्याळ आठवलं.

गेल्या वर्षीच्या स्पर्धेत माझ्या लेनला एक तेरा-चौदा वर्षांचा मुलगा होता. चड्डीचं इलॅस्टिक सैल झालेलं, नाडीला दोनदा गाठ मारलेली. टँकवर सराव करणारा नव्हता, हे त्याच्या टर्नवरून कळत होतं. भिंत आली की तो थबकायचा, दोन्ही हात नीट टेकवायचा, नियमाला धरून, मग वळायचा. शंभर मीटर बटरफ्लायला सहा जण होते आणि तो सहावा आला. बाकीचे बाहेर पडून टॉवेल घेत होते तेव्हा हा अजून शेवटच्या दहा मीटरमध्ये होता, पण एकदाही हात अर्धवट काढला नाही, पाय सोडले नाहीत. टेकला आणि काठाला धरून वर बघितलं.

“मॅडम, किती?”

मी घड्याळ दाखवलं. त्यानं ओठ हलवत आकडा वाचला. मग म्हणाला, “आधी एक बेचाळीस होतं. आता सदतीस.” आणि असा हसला की माझ्या दोन्ही बाजूचे टाइमकीपर वाकून बघायला लागले.

जाळीपाशी त्याचे वडील उभे होते, शेतातून तसेच आले असावेत. त्यांनी लांबूनच हात हलवून खूण केली. पोरानं एकदा तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मॅडम, हातावर लिहून द्या ना. मी विसरेन.”

विसरणार तो मुळीच नव्हता. मी पेन काढलं. तळहात ओला होता, शाई उठेना. ओढणीच्या टोकानं मी त्याचा तळहात पुसला, बोटांच्या मधलं पाणीही टिपलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं. त्यानं मूठ मिटली नाही. तळहात तसाच उघडा, वर धरून तो जाळीकडे चालत गेला.